लिंडनबाखची आळी

“मला तुझा चेहरा आता नीटसा आठवत नाही, पण तुझे पाय आठवतात,” असं फादर गेबहार्टनी त्या पत्रात लिहिलं होतं. पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि फर्डिनंड मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते वाक्य आज एकाएकी डोक्यात उभं राहिलं, तेव्हा मास्तर लिंडनबाख नावाच्या जर्मन गावात, बुटांच्या एका दुकानात, लाकडी खुर्चीवर अवघडून बसले होते. दुकानाची मालकीण त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली होती आणि त्यांचा उजवा पाय तिने आपल्या तळहातावर तोलून धरला होता. माप घ्यायची पट्टी तिने बाजूला ठेवली. पायाकडे पाहिलं, मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पायाकडे पाहिलं आणि आतल्या दाराकडे मान वळवून हाक मारली, “आल्बर्ट! जरा इकडे ये. हे बघून जा.” मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बासष्टाव्या वर्षी परक्या मुलखात येऊन आपले पाय लोकांना बघायला ठेवावेत, हेच नशिबात होतं म्हणायचं. आल्बर्ट चष्मा कपाळावरून खाली ओढत आला, वाकला आणि लग्नाच्या पंगतीत ऐसपैस बसलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकींपासून दूर दूर बसलेली ती पाच बोटं बराच वेळ पाहत राहिला. “हे पाय लहानपणी बुटात कोंडलेले नाहीत,” तो आदराने म्हणाला. “या पायांना मी बूट विकायचा म्हणजे माशाला होडी विकण्यासारखं आहे. कुठवर चालणार?” मास्तरांनी डोंगरावरच्या मारियेच्या तीर्थाचं नाव सांगितलं. आल्बर्टने शीळ घातली. “तीन आठवडे तरी लागतील. निघणार कधी?” “उद्या,” मास्तर म्हणाले, आणि मग घाईघाईने, “म्हणजे, निघालो तर. अजून ठरलेलं नाही.” बाई हसली. “बूट आधी आणि ठरवणं मागून? आल्बर्ट, असं गिऱ्हाईक रोज येऊ दे.”

बुटांचं खोकं बगलेत मारून मास्तर रस्त्यावर आले आणि उन्हात उभे राहिले. मे महिना होता, पण ऊन असं की अंगावर घ्यावंसं वाटावं. वसईकडच्या त्यांच्या वटार गावी या दिवसांत दुपारी विहिरीजवळच्या माडाखालीसुद्धा थांबवत नसे. आपण अजून ठरवलेलं नाही, हे त्या बाईला सांगायची गरज नव्हती. पण मास्तरांना खोटं बोलायचं धैर्य कधीच झालं नाही, आणि खरं बोलायचं धैर्य झालं की ते नको त्या जागी होई. खरी गोष्ट अशी होती की परतीची वाट अजून उघडी होती. पत्नी मार्गारेटच्या बहिणीचा मुलगा फेबियन बोटीवर स्वयंपाक्याचं काम करी. त्याच्याच वशिल्याने मास्तरांना मुंबईहून हँबुर्गपर्यंत स्वस्तात येता आलं होतं, आणि ती बोट अजून हँबुर्गच्या धक्क्याला माल भरत उभी होती. आगगाडीत बसवून देताना फेबियन म्हणाला होता, “अंकल, नाही जमलं तर लाजू नका. सरळ गाडीत बसायचं आणि यायचं. आमच्याकडे बटाटे सोलायला माणूस कमीच आहे.” आज संध्याकाळची गाडी धरली तर बोट मिळणार होती. उद्या चालायला लागलं, तर मग पुढच्या खेपेलाच. मास्तर आले आहेत हे फादरना ठाऊक नव्हतं. ऐंशी वर्षांचे फादर इथून लांब उत्तरेला, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात होते. त्यांना न कळवताच परत जाता येत होतं. कोणी हसणार नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. आणि नेमकं हेच मास्तरांना सकाळपासून बरंही वाटत होतं आणि टोचतही होतं.

फादरनी काही फार मोठं मागितलं नव्हतं. पत्र मराठीत होतं. तीस-पस्तीस वर्षांत सवय मोडलेली, पण प्रत्येक वेलांटी जिथल्या तिथे. पहिल्या लढाईच्या वेळी सरकारने जर्मन पाद्र्यांना देशाबाहेर घालवलं तेव्हा फादर गेबहार्ट गेले. तोवर ते वांद्र्याच्या बोर्डिंगमध्ये शिकवत, आणि मास्तर लहानपणी तिथेच त्यांच्या हाताखाली शिकले होते. दुसऱ्या लढाईत, त्यांनी लिहिलं होतं, माझ्या जन्मगावावर बाँब पडत होते आणि माझी बहीण तिथे तळघरात होती. ती वाचली तर लिंडनबाखहून डोंगरावरच्या मारियेपर्यंत पायी जाईन, असा नवस मी बोललो. ती वाचली. पण माझे गुडघे नाही वाचले. आमच्याकडे एकाचा नवस दुसऱ्याने चालला तरी चालतो. तुमच्याकडेही चालतो, हे मी तुझ्याचकडून शिकलो. तू येशील का? नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. पण उत्तर लिही. मार्गारेटने ते पत्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून दोनदा ऐकलं आणि ओले हात पदराला पुसत म्हणाली, “मग लिहा की. हो, नाहीतर नाही. दोन अक्षरांचं तर काम.” “त्या दोन अक्षरांचंच अवघड आहे,” मास्तर म्हणाले. “पोरांना निबंध लिहायला लावता, आणि तुम्हाला स्वतःला दोन अक्षरं होईनात. मास्तर म्हणून तुम्हाला ठेवलं कोणी?” मास्तर हसले होते. नाही लिहायला हात धजेना, आणि हो लिहायला आपण कोण? हयात फळ्यापुढे गेली. दुसऱ्यांनी पाहिलेले डोंगर आणि दुसऱ्यांनी ओलांडलेल्या नद्या नकाशावर दाखवण्यात गेली. मग नाताळला फादरचं कार्ड आलं. त्यात नवसाचा शब्द नव्हता, नुसतं “अजून जिवंत आहे.” त्यालाही उत्तर गेलं नाही, कारण आधीचं उत्तर राहिलेलं असताना दुसरं काय लिहायचं? दर नाताळला एक कार्ड येई, आणि कार्डागणिक द्यायचं उत्तर मोठं मोठं होत जाई. शेवटी ते इतकं मोठं झालं की ते मावेल असा कागद जगात नसावा. तिसऱ्या नाताळच्या आधी मार्गारेट गेली. त्यानंतरची कार्डं मास्तरांनी एकट्याने वाचली, आणि उंबऱ्यात उभं राहून टोमणा मारायला कोणी नव्हतं.

पत्राबरोबर फादरनी गावाचा नकाशा काढून पाठवला होता. निघण्याआधी दोन दिवस गाव नीट पाहून घे, म्हणून. पूल कुठे, चर्च कुठे, पावाची भट्टी कुठे, शाळेतून पळून जायची गल्ली कुठे. चार वर्षं मास्तर त्या नकाशातून हिंडले. संध्याकाळी वटारच्या वाडीतून फिरायला निघत ते केळीच्या बागांमधल्या बांधावरून, पण मनात गल्ल्या लिंडनबाखच्या असत. जयरामच्या विहिरीशी आलं की डावीकडे नगरपालिकेचा चौक, आणि पानवेलींच्या मांडवाशी वळलं की नदी. जयरामला हे माहीत होतं. लहानपणापासूनचा दोस्त, त्याची बाग मास्तरांच्या कुंपणाला लागून. एकदा बागेला पाणी सोडता सोडता तो ओरडून म्हणाला होता, “काय मास्तर, आज कुठवर पोचलास?” “पुलापर्यंत.” “रोज पुलापर्यंतच जातोस रे! एकदा तरी पलीकडे उतर. तुझ्या या खेपांनी माझा बांध झिजला.” आणि मार्गारेटच्या वर्षश्राद्धाची मिस्सा झाली, त्या दिवशी तोच चर्चच्या आवारात थांबून राहिला होता. बाहेर येताच म्हणाला, “आता कोणासाठी थांबलायस?”  मास्तर निघाले तेव्हा त्याने राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी आणून दिली, केळीच्या सोपटात बांधलेली. “खात जा. आणि रस्त्यात कोणी चांगला माणूस भेटला तर त्यालाही दे. आमचं वटार खाऊन बघू दे.”

पण गाव नकाशासारखं नव्हतं. सकाळी स्टेशनातून बाहेर पडल्यापासून मास्तर एकेक खूण शोधत होते आणि एकेक हुकत होती. फादरच्या नकाशात पावाची भट्टी होती तिथे मोकळी जागा होती. तिच्यात गुडघाभर गवत, गवतात पिवळी फुलं, आणि मधोमध विटांचा एक ढीग इतका नीट रचलेला की एखाद्या नीटनेटक्या बाईने कपड्यांची चळत लावावी. शाळेतून पळून जायची गल्ली सापडली, पण तिला आता शाळा नव्हती, त्यामुळे ती नुसतीच पळत नदीपर्यंत जात होती. चर्चला एकच मनोरा उरला होता. दुसऱ्याच्या जागी लाकडी परांचा, त्यावर तीन माणसं, आणि त्यांतला एक मोठ्याने गात होता. मास्तर खाली उभे राहून वर पाहत राहिले. मोडक्या चर्चची त्यांना सवय होती. वसईच्या किल्ल्यात त्यांचं बालपण गेलं. छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतींना पाठ लावून त्यांनी किती पुस्तकं वाचली असतील, मुंग्यांनी पाय खाल्ले तरी भान नसे. तिथल्या भिंतींतून वडाच्या मुळ्या उतरल्या होत्या, वेदीच्या जागी शेळ्या बसत. पण ते मोडलं त्याला दोनशे वर्षं होऊन गेली होती. कोणाचं काय गेलं, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिथे बसून वाचता येत होतं. इथलं मोडणं ताजं होतं. इथे बाजूने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आठवत असणार की या भिंतीच्या आत काय होतं आणि कोण होतं. आणि तरी हे लोक शिट्या घालत होते, भाव करत होते, परांच्यावर चढून गात होते. मास्तरांना वाटलं, आपण दोनशे वर्षं जुन्या पडझडीत बसून वाचणारी माणसं. ताज्या पडझडीत उभं राहून वीट उचलणं आपल्याला कोणी शिकवलंच नाही. मग वाटलं, हाही एक निबंधच झाला. खरं म्हणजे आपल्याला भूक लागली आहे.

बाकावर बसून त्यांनी पाव खाल्ला. काळा, आंबूस, जड पाव. पुढ्यात नदी, नदीवर पूल. नकाशात दगडी होता. समोरचा लोखंडी आणि नवा, त्याला अजून रंगाचा वास येत होता. पुलाच्या या टोकाला एक जुना दगड होता, त्यावर शिंपला कोरलेला. इथून तीर्थाची वाट सुरू होते, असं फादरनी लिहिलं होतं. सकाळपासून मास्तर गावभर हिंडले, पण त्या दगडाच्या जवळ गेले नाहीत. जावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा समोरच्या दुकानाच्या खिडकीतल्या घड्याळांत त्यांना फार रस वाटू लागला. आता बाकावरून तो दगड दिसत होता आणि त्याच्यापलीकडे पूल, पुलापलीकडे झाडांमधून चढत गेलेली पायवाट. तीन आठवडे. वाटेत पाय मुरगळला तर? भाषा तरी कसली, एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकलेली. “माझ्या काकांची बाग नदीच्या पलीकडे आहे” हे वाक्य त्यांना बिनचूक येत होतं, आणि ते कोणालाच सांगायचं नव्हतं. आणि समजा पोचलोच, तर तिथे उभं राहून काय म्हणायचं? नवस माझा नाही, बहीण माझी नाही, गाव माझं नाही. मी फक्त पाय आणले आहेत. पण मग आल्बर्ट वाकून पाहत होता तो चेहरा आठवला, आणि त्याच्या पाठोपाठ फादरचा, अर्ध्या शतकापूर्वीचा, दाढी अजून काळी असलेला.

तेव्हा फर्डिनंड मास्तर बारा वर्षांचे होते आणि सप्टेंबरच्या यात्रेला प्रथमच एकटे चालत वांद्र्याला टेकडीवरच्या मोत मावलीकडे, म्हणजे मारियेकडेच, निघाले होते. आळीतली रीत अशी की यात्रेला जो कोणी पायी जाईल त्याने आदल्या संध्याकाळी घराघरांतून फिरायचं. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, “उद्या मी जातो. तुमचं काय घेऊन जाऊ?” ज्यांना स्वतःला जाता येत नाही ते मेणबत्ती देत, कोणाचा पाय दुखत असला तर मेणाचा पाय, कोणाला मूल नसलं तर मेणाचं बाळ. देताना कानात हळूच सांगत. चालणाऱ्याने ऐकायचं, घ्यायचं, उलटा प्रश्न करायचा नाही आणि कुठे बोलायचं नाही. त्या संध्याकाळी बारा वर्षांच्या त्या पोराला आळीची अशी अशी दुखणी कळली की रात्रभर त्याला सगळी माणसं वेगळीच दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडली, पुढे ऊन चढलं, आणि पाठीवरच्या झोळीतल्या मेणबत्त्या वितळून त्यांचा एक गोळा झाला. वांद्र्याच्या टेकडीखाली पोचल्यावर हे दिसलं तेव्हा तो पोर धाय मोकलून रडू लागला. कोणाचं काय, आता कसं कळणार? कोणाचा पाय, कोणाचं बाळ? त्या वेळी झग्याच्या बाह्या वर सारत एक गोरा पाद्री विहिरीवरून आला, त्याने काही न बोलता पोराचे चिखलाने भरलेले पाय धुतले, आणि गोळ्याकडे बघून आपल्या नव्या नव्या मराठीत म्हणाला, “मावलीला सुटं करता येतं. तुझं काम आणायचं.” पुढच्या वर्षी त्याच पाद्र्याने त्याला बोर्डिंगात घातलं. मास्तर झाले ते त्यामुळे. पुस्तकं हाती आली तीही त्यामुळेच, आणि गंमत म्हणजे पुस्तकं हाती आल्यावर पायांनी चालणं सुटलं.

उन्हं कलली. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता आणि उतरण्याच्या घरात ठेवलेली पेटी घ्यायची तर आता उठायला हवं होतं. मास्तर उठले. पेटीसाठी उठलो, असंच ते स्वतःला सांगत होते. पण पेटीचं घर उजवीकडे होतं, आणि ते डावीकडच्या गल्लीत शिरले. लहान लहान घरं, खिडक्यांत तांबड्या फुलांच्या कुंड्या, कुठे तरी कांदा परतल्याचा वास. घरं एकमेकांना लागून, आळीत असतात तशी. नंतर पुष्कळ विचार करूनही मास्तरांना सांगता आलं नसतं की त्यांनी तसं का केलं. चालायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी दुसरं काय करतात हे त्यांच्या अंगाला माहीत नव्हतं, इतकंच. पहिल्या दारावर त्यांची बोटं वाजली, पण वाजवणारे आपण आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं ते दार उघडल्यावर. गळ्याला रुमाल खोचलेला एक लठ्ठ माणूस काटा हातात घेऊन उभा होता. “गालिचे नकोत,” तो म्हणाला. मास्तरांनी टोपी काढली. व्याकरणाच्या पुस्तकातले शब्द जमतील तसे जुळवले. “उद्या मी चालत जातो. आपलं काय घेऊन जाऊ?” “काय?” “आपलं. काय. घेऊन जाऊ?” माणसाने काटा खाली केला. “चालत? कुठल्या बाजूने?” मास्तरांनी तीर्थाचं नाव सांगितलं. “म्हणजे पूल ओलांडून, वरून, हाउझनवरून जाणार?” “हो.” “थांबा.” तो आत गेला. मास्तरांना वाटलं, पळावं. तो आला तो आलुबुखाराच्या मुरंब्याची मोठी बरणी घेऊन, कपड्याने तोंड बांधलेली. “हाउझनला पाणचक्कीला लागून माझी बहीण राहते. तिला द्या. म्हणावं, कार्ल अजून चालतो-फिरतो, आणि तूही ये कधी तरी, तुझा नवरा मेला म्हणून तुला कोणी बांधून घातलेलं नाही. आणि बरणी परत हवी आहे म्हणून सांगा. रिकामी नको, भरून.” मास्तरांनी बरणी घेतली.  हा नवस नाही, हा मुरंबा आहे, हे सांगायला शब्द नव्हते; आणि आळीत उलटं बोलायचं नसतं.

दुसऱ्या दारी एका तरुण बाईने अख्खं वाक्यही ऐकून घेतलं नाही, “चालत? त्या बाजूला? अगदी वेळेवर आलात,” म्हणत तिने विणलेल्या बाळमोज्यांची जोडी कागदात गुंडाळून दिली. बहिणीचं बाळंतपण होतं, हाउझनच्याही पुढच्या गावी. तिसऱ्या दारी कुत्रं भुंकलं आणि दार लागलं ते लागलंच. चौथ्या दारी एका म्हाताऱ्याने पक्कं विचारून घेतलं की हे टपाल खात्यातर्फे आहे की खाजगी, आणि खाजगी आहे म्हटल्यावर खूश होऊन सहा अंडी देऊ केली. ती मात्र मास्तरांनी छातीवर हात ठेवून नाकारली. आता त्यांना हसू येऊ लागलं होतं. हसू आणि घाम दोन्ही. मार्गारेट असती तर म्हणाली असती, “बघा, जर्मनांनासुद्धा कळलं, हा माणूस ओझी वाहायला बरा आहे.” गल्लीच्या टोकाच्या घरात दार उघडलं ते एका उंच, वाळक्या बाईने. पिठाचे हात तिने दोन्ही बाजूंना धरले होते. मास्तरांनी वाक्य म्हटलं. एव्हाना ते सफाईने येत होतं.  त्यांच्या हातातली बरणी, बगलेतलं खोकं, खिशातून डोकावणारा कागद, सगळ्याकडे तिने पाहिलं. “कुठवर?” तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. “मारियेपर्यंत?” “हो. पोचलो तर.”  आतून पुरुषाच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तिने दार थोडं ओढून घेतलं. “माझ्याजवळ नेण्यासारखं काही नाही,” ती हळू म्हणाली. “पण तिथे पोचल्यावर एक नाव घ्याल? मोठ्याने घ्या. ऑटो. घरात आम्ही ते मोठ्याने घेत नाही. त्याचे वडील खचतात. मी चुलीपाशी एकटी असले की घेते, पण हळू. मोठ्याने घेतलेलं मला ऐकू येणार नाही, पण कोणी घेतलं हे मला माहीत असेल.” मास्तरांनी मान हलवली. तिने वाट पाहिली. मग म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत तो कुठे आहे ते. सगळे विचारतात.” “आमच्या आळीत विचारत नाहीत,” मास्तर म्हणाले. आळीला जर्मन शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनी तो मराठीच वापरला, आणि तिने मान हलवली, कळल्यासारखी. मग मास्तरांना आठवलं आणि त्यांनी खिशातलं सुकेळं काढून तिच्या पिठाच्या हातावर ठेवलं. तिने दातांनी टोक तोडलं, चावलं, डोळे मिटले. “हे काय आहे?” “वटार,” मास्तर म्हणाले.

गल्लीतून परत येताना नदीपलीकडे कुठे तरी शिट्टी झाली. संध्याकाळची गाडी. मास्तर थांबले आणि ऐकत राहिले. शिट्टी लांबत गेली आणि विरली, आणि त्यांनी बरणी दुसऱ्या हातात घेतली. फादरचा नवस त्यांना मोडता आला असता. चार वर्षं ते तो मोडतच आले होते, काही न करता. पण ही बरणी? ती कोणाकडे परत नेऊन द्यायची, आणि कार्लला काय सांगायचं? की माझा विचार बदलला, मुरंबा तुमचा तुम्ही पोचवा? आणि ते नाव, ते तर परत देण्याची सोयच नव्हती. एकदा कानात पडलं ते पडलं. आजवर मास्तरांना वाटे की मोठ्या गोष्टीसाठी मोठा माणूस लागतो. आपण तेवढे नाही, म्हणून आपण थांबलो. मुरंब्याला मात्र कोणताही माणूस चालणार होता. तो मोठा असायची गरज नव्हती, फक्त उद्या हाउझनला जाणारा हवा होता. आणि हाउझनला पोचलं की बाळमोजे पुढच्या गावचे. आणि त्या गावातही दारं असणारच. असं करत करत मनुष्य कुठवर जाईल सांगता येत नाही. मास्तर पुलाशी गेले. शिंपल्याच्या दगडावर त्यांनी बरणी टेकवली, हाताला रग लागली होती म्हणून. दगड दिवसभराच्या उन्हाने कोमट होता.

उतरण्याच्या घरी मालकीण फ्राउ ओडिलिया दारातच उभी होती, कमरेवर हात देऊन. “तुम्हीच ना ते?” ती म्हणाली. “सगळ्या गल्लीत बोलबाला झालाय. पोस्टाने आता पायी बटवडा सुरू केलाय म्हणतात, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून माणूस आणलाय.” मग बरणी पाहून तिने कपाळाला हात लावला. “कार्लने अखेर बहिणीला मुरंबा धाडला? दोन वर्षं भांडण होतं त्यांचं! पोस्टाने पाठवला असता तर भांडण मिटवायला कार्लनेच आधी हात पुढे केला असं झालं असतं. आता कोणी तरी येऊन घेऊन गेलं, म्हणजे कमीपणा कोणालाच नाही.” मास्तरांनी तिच्याकडे कागद मागितला. तिने एक दिला, नेहमीसारखा, साधा, रेघांचा. मास्तरांनी तो टेबलावर ठेवला आणि पाहिलं तर तो अगदी पुरेसा होता.

“रेव्हरंड फादर गेबहार्ट यांस,” त्यांनी लिहिलं. “आपलं पत्र पोचलं.” एवढं लिहून ते थांबले, आणि स्वतःशीच इतक्या मोठ्याने हसले की फ्राउ ओडिलियाने आतून डोकावून पाहिलं. मग त्यांनी न थांबता लिहिलं. लिंडनबाखमध्ये आहे. गाव पाहिलं. आपली भट्टी नाही, पण भट्टीच्या जागी पिवळी फुलं आहेत. मनोऱ्याचं काम चालू आहे, आणि वर एक माणूस गातो, त्याचा आवाज चांगला नाही. आपली पळून जायची गल्ली जागच्या जागी आहे. मी उद्या निघतो. पोचेन की नाही याची खात्री देत नाही. माझी खात्री देण्यासारखा मी माणूस नाही, हे आपणांस ठाऊक आहे. पण हाउझनपर्यंत जाणं भाग आहे, कारण लोकांच्या वस्तू जवळ आहेत. त्यापुढेही कोणाचं ना कोणाचं काही असेल असं दिसतं. मार्गारेट, माझी पत्नी, दोन वर्षांपूर्वी वारली. आपल्याला उत्तर लिहा म्हणून ती फार सांगत असे. आणि एक राहिलं. मी आळीत सगळ्यांना विचारलं, आपणांस विचारायचं राहून गेलं. आपली बहीण वाचली म्हणून आपण बोललेला नवस मी चालेनच, पण तो झाला जुना. चार वर्षांत आणखी काही मनात आलं असेल, तर ते सांगा. कानात सांगायचं असतं, पण आता पत्रात चालेल. वाटेतल्या दुसऱ्या मोठ्या गावच्या पोस्टात जाऊन मी विचारीन. आपलं काय घेऊन जाऊ?

सकाळी धुकं होतं. पूल अर्धाच दिसत होता. पोस्टाची पिवळी पेटी चौकाच्या कोपऱ्यात भिंतीला लावलेली होती, आणि तिच्यासमोर मास्तर नवे बूट घालून, पाठीवर बोचकं आणि हातात बरणी अशा अवतारात उभे राहिले. बरणी खाली ठेवल्याशिवाय पत्र खिशातून काढता येईना. त्यांनी बरणी दोन पायांमध्ये ठेवली. पाकीट काढलं, पत्ता पुन्हा वाचला. फटीपाशी हात नेल्यावर तो नेहमीसारखा थांबला. शेवटच्या ओळीत ‘घेऊन जाऊ’ऐवजी ‘नेऊ’ लिहायला हवं होतं का, आणि ‘रेव्हरंड’ फार परकं वाटेल का, आणि मुळात हे सगळं आधी एका कच्च्या कागदावर उतरवून काढायला नको होतं का? मागे सायकलची घंटा वाजली. टपालवाली बाई पेटी उघडायची किल्ली हातात घेऊन खाली उतरली आणि एका पायावर तोल सावरत उभी राहिली. “टाकताय ना?” ती म्हणाली. “टाका, म्हणजे पहिल्याच थैलीत जाईल.” मास्तरांनी पत्र सोडलं. आत पडताना त्याचा आवाज झाला नाही म्हणावा इतका झाला. बाईने पेटी उघडली, सगळी पत्रं एका हाताने थैलीत ओतली, आणि इतरांच्या पत्रांमध्ये ते कोणतं होतं हे मास्तरांना ओळखू आलं नाही.